एका क्रियापदापुढची कोरी जागा

रविराजच्या वहीत शेवटच्या भरलेल्या पानावर, अगदी खालच्या ओळीत, एक शब्द होता आणि त्याच्यापुढची जागा कोरी होती.

वही दोनशे पानी, निळ्या पुठ्ठ्याची, दौंडला स्टेशनसमोरच्या दुकानातून घेतलेली. प्रत्येक पानाच्या मधोमध पट्टीनं ओढलेली रेघ. डावीकडे स्पॅनिश शब्द, उजवीकडे मराठी अर्थ. डिप्लोमा करतानाही पोरानं इतकं टापटिपीनं कधी लिहिलं नव्हतं. पण रांजणगावच्या ज्या कारखान्यात तो लागला होता तिथं स्पेनहून नवी मशिनं यायची होती, आणि ज्यांना थोडंफार बोलता येईल अशा दोघांना सहा महिने तिकडं शिकायला पाठवणार अशी कुजबुज होती. तेव्हापासून शिफ्ट संपली की कारेगावच्या भाड्याच्या खोलीवर तो वही घेऊन बसायचा. रविवारी न्हावऱ्याच्या रस्त्यानं गाडीवर घरी आला की जेवताना ताटातल्या एकेका पदार्थाचं तिकडचं नाव घ्यायचा, आणि त्याची आई बयाबाई म्हणायची, "भाकरीला भाकरीच म्हण बाबा, न्हाईतर मिळायची न्हाई."

जानेवारीच्या शेवटच्या रविवारी तो असाच घरी यायला निघाला होता. पुढं चाललेल्या उसाच्या ट्रॉलीला मागं लाल दिवा नव्हता. त्याचा बाप मल्हारी टकले त्याबद्दल यापेक्षा जास्त कुणाला सांगत नसे, आणि विचारणारेही तेवढ्यावर थांबत.

मल्हारी बावन्न वर्षांचा. कुरकुंभच्या एका औषधांच्या कारखान्यात बॉयलरवर तो गेली बावीस वर्षं होता. त्याआधीच्या सगळ्या पिढ्या मेंढरांमागं हिंडलेल्या. औद्योगिक वसाहत वाढत गेली, माळाला तारेचं कुंपण पडलं, चारायला जागा उरली नाही, तेव्हा त्यानं कळप विकला आणि नोकरी धरली. रविराज तेव्हा दीड वर्षाचा होता. पोरांसमोर मेंढरांचा विषय मल्हारीनं कधी काढला नाही. पोरानं शाळेत जावं, हातात पाना-पक्कड धरावी, पायात बूट घालावेत. अंगाला लोकरीचा वास घेऊन हिंडणाऱ्या माणसाकडं लोक कसं बघतात हे त्याला माहीतच नसावं, एवढीच त्याची इच्छा होती, आणि ती पूर्ण झाली होती.

कारेगावच्या खोलीतून आणलेल्या सामानात ती वही होती आणि रविराजचा फोन होता. फोनची काच एका कोपऱ्यात तडकलेली. तो फोन बयाबाई रोज सकाळी चूल पेटवण्याआधी चार्जिंगला लावायची आणि दुपारी काढून भिंतीतल्या कोनाड्यात ठेवायची. उघडायची नाही, बघायची नाही, कुणाचा फोन आला तरी घ्यायची नाही. नवऱ्यानं एकदा विचारलं तेव्हा म्हणाली, "बंद पडला तर वाईट दिसंल." त्या दिवसांत ती एकूणच दिवसाला दहा-बारा शब्दांवर आली होती, आणि पोराचं नाव तर तिनं तोंडातून काढलंच नव्हतं.

वही मल्हारीनं तीन-चार वेळा पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. तो दहावी पास होता, वाचायची सवय होती, आणि बॉयलरची नोंदवही लिहून लिहून रकान्यांची एक शिस्त त्याच्या अंगात मुरली होती. कोरा रकाना त्याला बघवत नसे. वहीत अकराशेच्या वर शब्द असतील. प्रत्येकासमोर अर्थ होता. फक्त या शेवटच्या, 'आपाथेन्तार' या शब्दासमोर नव्हता. पोरानं शब्द लिहिला होता, दोन टिंबंही दिली होती, आणि पेन उचललं होतं.

तेवढा एक अर्थ लिहून वही पुरी करावी आणि ट्रंकेत ठेवावी, असं ठरवून पाडव्याच्या आदल्या रविवारी मल्हारीनं कोनाड्यातला फोन घेतला.

फोनमध्ये एक ॲप होतं. शिकणाऱ्यानं वाक्य लिहायचं आणि ज्यांची ती भाषा आहे अशा माणसांनी ते सुधारून पाठवायचं, अशी त्याची रीत. रविराजची वाक्यं बहुतेक एकच बाई सुधारत असे. तिचं नाव बेनिता. स्पेनमधल्या कुठल्याशा डोंगराळ गावची, शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. चुकीच्या शब्दावर तांबडी रेघ आणि खाली हिरव्या अक्षरात बरोबरचा शब्द. वर्षभराच्या त्या तांबड्या-हिरव्या ओळी मल्हारी बोटानं सरकवत राहिला. सर्वांत खाली, जानेवारीपासून, बाईंचेच तीन निरोप होते. बरा आहेस ना. खूप दिवस दिसला नाहीस. घाई नाही, सवड होईल तेव्हा लिही.

खरं तर त्याच क्षणी लिहायला हवं होतं की पोरगा गेला. फोनमध्येच मराठीचं स्पॅनिश आणि स्पॅनिशचं मराठी करून देणारी सोय होती. चार शब्दांचं काम. मल्हारीनं ते चार शब्द मराठीत लिहिले, पुसले, आणि त्याऐवजी लिहिलं, "मी बरा आहे. आपाथेन्तार या क्रियापदाचा अर्थ काय?"

त्या सोयीला तेवढा एक शब्द येत नव्हता. निरोप गेला. वर नाव दिसत होतं रविराजचं, शेजारी त्याचा रांजणगावच्या गेटपाशी काढलेला फोटो.

त्या दुपारी त्याला आपल्या वडिलांची, दगडोबा आबांची आठवण झाली. एखाद्या मेंढीचं कोकरू जन्मताच मेलं, आणि त्याच वेळी दुसरं एखादं कोकरू आईवेगळं झालेलं असलं, की आबा मेलेल्या कोकराचं कातडं सोलून त्या पोरक्या कोकराच्या अंगावर बांधायचे. मेंढी हुंगायची, घुटमळायची, आणि मग पाजायची. दोन-तीन दिवसांनी आबा कातडं थोडं थोडं सोडवत, आधी मानेवरचं, मग पाठीवरचं, आणि पुढं ते कोकरू तिचंच होऊन जाई. लहानपणी मल्हारीनं विचारलं होतं, आबा, आपण तिला फसवतो का? आबांनी हातातली सुरी गवताला पुसली होती आणि म्हटलं होतं, "मेंढी येडी नसती, पोरा." त्याचा अर्थ मल्हारीला तेव्हा कळला नव्हता.

बेनिताबाईंचं उत्तर दुसऱ्या दिवशी कंपनीच्या बसमध्ये आलं. त्यांनी लिहिलं होतं की हे पुस्तकी, भारदस्त क्रियापद आहे; बोलताना त्यांच्याकडे लोक दुसरं साधं क्रियापद वापरतात; हे मात्र जुन्या ग्रंथांत सापडतं, देवळातल्या वाचनात ऐकू येतं. मेंढरांशी त्याचा संबंध आहे एवढं सांगते. अर्थ सांगणार नाही. अर्थ लिहिला की माणूस वही मिटतो. तू वाक्यं कर, मी सुधारत जाते, अर्थ तुझा तुला सापडेल.

मल्हारी ते वाचून बसमध्ये एकटाच हसला. शेजारी बसलेल्या आनंदरावांनी, जे त्याच्याच शिफ्टला होते आणि पुढच्या वर्षी निवृत्त व्हायचे होते, चष्म्यावरून बघितलं. दोन महिन्यांत हा माणूस हसलेला त्यांनी पाहिला नव्हता. काय वाचतोय कळल्यावर ते म्हणाले, "मल्हारी, इथं आपला हिंदी ऑपरेटर काय बोलतो ते तुला समजंना, आन् तू स्पेन उघडलंस व्हय."

पण मल्हारी चिकाटीचा होता. चहाच्या सुट्टीत, बसमध्ये, दुपारी घरी आल्यावर पडवीत बसून तो वही मागून पुढं आणि पुढून मागं शिकू लागला. त्याचं पहिलं वाक्य होतं, मेंढ्या रानात आपाथेन्तार करतात. तांबडी रेघ आली. मेंढ्या हे करत नाहीत, बाईंनी लिहिलं, मेंढ्या चरतात. त्याला वेगळा शब्द आहे. दुसरं वाक्य आठवड्यानं गेलं. मी मेंढ्या आपाथेन्तार करून त्यांना रानात सोडून घरी जेवायला जातो. या वेळी तांबडी रेघ नव्हती, पण खाली लिहिलं होतं, वाक्य शुद्ध आहे आणि तरीही चूक आहे; जो घरी जेवायला गेला त्याच्याविषयी हे क्रियापद वापरत नाहीत.

हे वाक्य मल्हारीच्या डोक्यात पुढं कितीतरी दिवस राहिलं. माळावर उभं राहून काठीवर हनुवटी टेकलेले आबा त्याला दिसू लागले. आणि मग पोराच्या नावानं लिहायचं असल्यामुळे त्यानं स्वतःविषयीच लिहिलं, "माझे वडील मेंढ्या राखत होते." क्रियापद तेच, भूतकाळात. बाईंनी एकही खूण केली नाही. फक्त विचारलं, ते कसे होते?

त्याला उत्तर द्यायला अकरा दिवस लागले. पोराच्या डोळ्यांनी स्वतःकडं बघायची वेळ माणसावर सहसा येत नाही. त्यानं पोराला कधी रानात नेलं नव्हतं, कळपातल्या एकाही जनावराचं नाव सांगितलं नव्हतं. मग पोरगा काय लिहील? शेवटी त्यानं लिहिलं, "मला माहीत नाही. त्यांनी मला सांगितलं नाही." आणि फोन कोनाड्यात ठेवून तो बाहेर जाऊन उभा राहिला.

उन्हाळा असा सरला. कासुर्डीला दिलेली मुलगी प्रगती महिन्यातून एखाद्या रविवारी येई. बापाला पोराच्या फोनवर मान खाली घालून बसलेलं बघून तिला पहिल्यांदा बरं वाटलं, मग काळजी वाटली. आईच्या वाट्याचंही तीच बोलून घ्यायची. "आप्पा, आता तुमचा पासपोर्ट काढायचा का? धोतरावर जाणार का पँटीवर?" ती म्हणायची, आणि मल्हारी हसून विषय बदलायचा. त्या बाईला खरं कळवलं का, हे ती जाताना हमखास विचारायची. तो म्हणायचा, कळवतो.

श्रावणात एके दिवशी बाईंचा निरोप आला. कालचं तुझं आवाजातलं वाक्य छान होतं, त्यांनी लिहिलं होतं. उच्चार सुधारला आहे. फक्त शब्दाच्या मध्यावर जीभ थोडी दातांमध्ये यायला हवी.

मल्हारीनं आवाजात काही पाठवलं नव्हतं. ते पाठवता येतं हेही त्याला ठाऊक नव्हतं. त्यानं ओळी वर सरकवून पाहिल्या. या बाजूला काही दिसत नव्हतं. बाईंकडे शिकणारे पुष्कळ असतील, नजरचूक झाली असेल, असं म्हणून त्यानं ते सोडून दिलं.

पुढच्या आठवड्यात त्यांनी विचारलं, तू बोलतोस तेव्हा मागं घंटा वाजते ती कसली? एक ठोका स्वच्छ वाजतो आणि दुसरा दबका, तडा गेल्यासारखा.

हे वाचताना मल्हारी बॉयलरच्या बाहेर, पाण्याच्या टाकीच्या सावलीत उभा होता. त्यानं फोन खिशात ठेवला आणि उरलेली शिफ्ट नेहमीसारखी केली. दाब बघितला, पाणी बघितलं, दर तासाला आकडे लिहिले. घरी जाऊन हात-पाय धुतले. मग फोन काढून तो निरोप पुन्हा वाचला आणि शब्द तेच होते. तडा गेलेली घंटा त्यानं एकच ऐकली होती. आबांनी ती जेजुरीच्या यात्रेतून आणली होती, ती कळपाच्या पुढं चालणाऱ्या मेंढीच्या गळ्यात असायची, आणि तिच्यासकट ती मेंढी बावीस वर्षांपूर्वी विकली गेली होती.

त्यानं बाईंना काही विचारलं नाही. माणूस विहिरीच्या काठावर वाकत नाही तसा तो त्या प्रश्नापासून दोन पावलं लांब राहिला. अभ्यास मात्र चालू ठेवला. आणि भाद्रपदात एका वाक्याखाली बाईंनी सहज लिहिलं की चंदी आता म्हातारी असेल ना, तरी पुढं चालते याचं मला कौतुक वाटतं.

चंदी हे त्या मेंढीचं नाव होतं.

त्या रविवारी प्रगती आली तेव्हा मल्हारीनं तिला पडवीत बसवलं आणि विचारलं, आपल्या कळपात पुढं चालणारी मेंढी होती, तिचं नाव तुला माहीत आहे का. प्रगती तेव्हा चार वर्षांची होती. तिला कळप होता एवढंच आठवत होतं. धाकट्याला तरी माहीत असेल का, त्यानं विचारलं. तो तर दीड वर्षाचा होता, ती म्हणाली. त्यानं फोन पुढं केला. तिनं सगळं वाचलं. ॲपवाल्या कंपनीच्या कॉम्प्युटरमध्ये काहीतरी गोंधळ असेल, कुणाचं कुणाला जात असेल, असं ती दोन-तीनदा म्हणाली, पण चंदीच्या नावापाशी तिचं बोट परत परत येत राहिलं.

"आप्पा," शेवटी ती हळू म्हणाली, "त्या बाईला खरं सांगा आन् हे बंद करा. त्याच्या नावानं तुम्ही किती दिवस बोलणार? हे त्याच्यासाठी पण बरं न्हाई."

तिचं म्हणणं बरोबर होतं हे मल्हारीला समजत होतं. पण खरं सांगितलं की बाई दुःख व्यक्त करतील, चार चांगले शब्द लिहितील आणि वाक्यं सुधारायचं थांबवतील. मग हातात एक वही राहील, तिच्यात एक कोरी जागा राहील, आणि कुठंतरी माळावर चालत बोलणारं जे कुणी आहे त्याचं वाक्य ऐकायला कुणीच राहणार नाही. हे प्रगतीला सांगण्यासारखं नव्हतं. तो म्हणाला, "दसऱ्यापतूर थांब."

दसरा झाला. दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. दुपारचं जेवण झाल्यावर मल्हारी पडवीत बसला आणि त्यानं एक-एक शब्द वहीत तपासून लिहिलं, "बाई, तो आवाज मला परत पाठवाल का?"

अर्ध्या तासानं तो आला. बारा सेकंदांचा. बयाबाई आत तांदूळ निवडत होती. सुपात पाखडल्याचा आवाज येत होता. मल्हारीनं बोट टेकवलं.

आधी पुष्कळ पावलांचा आवाज आला, कोरड्या मातीवरून चालणाऱ्या लहान खुरांचा, पाऊस दुरून येताना येतो तसा एकसारखा. मग घंटा, एक ठोका स्वच्छ, एक दबका. मग एकानं श्वास घेतला आणि चालता चालता, किंचित धापा टाकत, ते क्रियापद असलेलं एक वाक्य म्हटलं. त्यात पुढं स्पॅनिश नसलेला एकच शब्द होता, आप्पा. मग पुन्हा खुरं.

आतलं सूप थांबलं होतं. बयाबाई उंबऱ्यात उभी होती. तिच्या हाताला तांदळाचं पीठ होतं. लग्न होऊन आली तेव्हा पहिली सहा वर्षं तीही त्या कळपामागं चालली होती.

"चंदी हाय ती," ती म्हणाली.

मल्हारीनं मान हलवली. ती खाली बसली आणि बोटानं खूण केली, परत लाव. त्यानं परत लावलं. तिनं डोळे मिटून ऐकलं, आणि संपल्यावर विचारलं, "थकलाय का त्यो?"

"न्हाई. चालतोय."

"काय म्हनतोय?"

आणि मल्हारीच्या ध्यानात आलं की त्याला सांगता येत होतं. सात महिन्यांच्या तांबड्या-हिरव्या रेघांमधून तो अर्थ त्याच्याही नकळत पुरा झाला होता. तो म्हणाला, "म्हनतोय, मी आप्पाची मेंढरं राखतो. पर नुसतं राखनं न्हाई त्ये. त्यांना गवतावर न्यायचं, आन् त्यांचं पोट भरंपर्यंत तिथंच उभं ऱ्हायचं. सोडून जायाचं न्हाई."

बयाबाईनं पदरानं हात पुसले. तिनं समोरच्या माळाकडं, कुंपणापलीकडच्या कारखान्यांच्या चिमण्यांकडं आणि त्यांच्या पांढऱ्या वाफेकडं बघितलं.

"मंग एकटा न्हाई आपला रवी," ती म्हणाली. जानेवारीनंतर पहिल्यांदा ते नाव घरात उच्चारलं गेलं होतं.

संध्याकाळी ऊन उतरत असताना मल्हारीनं वही उघडली आणि पोराच्या दोन टिंबांपुढं, आपल्या बॉयलरच्या नोंदवहीतल्या गोल अक्षरात, अर्थ लिहिला. ओळ पुरली नाही म्हणून उरलेला भाग खाली लिहिला. मग फोन घेतला. अर्थ सापडल्यावर खोटं बोलत राहणं त्याला शक्य नव्हतं. त्यानं लिहिलं, "बाई, मी रविराज नाही. मी त्याचा बाप. तो जानेवारीत वारला. मी तुम्हाला फसवलं. मला क्षमा करा." पाठवलं, आणि दुपारी बयाबाई ठेवायची तसा फोन कोनाड्यात नीट ठेवला.

एक दिवस गेला, दुसरा गेला. बाईंचं उत्तर नव्हतं. बसमध्ये आनंदरावांनी विचारलं, "काय, स्पेन मिटलं का?" मल्हारी म्हणाला, मिटलं बहुतेक. घरी मात्र एक बदल होता. बयाबाई बोलत होती. बोलणं साधंच, मिठाचं, पाण्याचं, शेजारच्या रंगुबाईंच्या सुनेचं. पण मधूनमधून ती थांबायची आणि कान द्यायची, आणि मग तोंडावर जरा समाधान ठेवून पुन्हा कामाला लागायची. दिवाळीला प्रगती आली तेव्हा आईनं तिला करंज्या नीट जमत नाहीत म्हणून दोन टोमणे मारले, आणि ते ऐकून प्रगती मोरीत जाऊन रडून आली.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी दहाच्या सुमारास, उत्तर आलं.

"मल्हारी," बाईंनी लिहिलं होतं. त्यानं स्वतःचं नाव त्यांना कधी सांगितलं नव्हतं. "उत्तराला उशीर झाला, कारण काय लिहावं हे मी ठरवत होते. तुम्ही मला फसवलेलं नाही. मला माहीत होतं. मार्चमध्ये, तुमचं पहिलं वाक्य आलं त्याच्या आदल्या दिवशी, त्यानं मला आवाज पाठवला होता. म्हणाला, आता माझे वडील माझ्या नावानं लिहितील. त्यांना थांबवू नका. सुरुवातीला चुका करतील, पण सोडणार नाहीत. मी तेव्हा त्याला काही विचारलं नाही, आणि आजही विचारत नाही. आता मात्र तुम्ही तुमच्या नावानं लिहा. क्रियापद तुम्हाला आलेलं आहे. एकदा तुमच्या आवाजात ऐकू द्या."

मल्हारीनं ते तीनदा वाचलं. मार्च म्हणजे पोरगा जाऊन दीड महिना होऊन गेला होता. त्याला आबांची सुरी आठवली, गवताला पुसलेली, आणि मेंढी येडी नसती हे वाक्य. बेचाळीस वर्षांनी ते त्याला समजलं. मग त्यानं ॲपमधलं नाव बदलायला घेतलं. एक एक अक्षर पुसलं, एक एक नवं लिहिलं. फोटो तेवढा राहू दिला.

ऊन कोवळं होतं. दिवाळी झाली की याच दिवसांत पूर्वी कळप घेऊन बाहेर पडायची वेळ होई. आवाज पाठवायची खूण बाईंनीच लिहून कळवली होती. मल्हारीनं अंगणात उभं राहून बोट दाबून धरलं, जीभ जराशी दातांमध्ये आणली आणि स्वतःच्या नावानं, स्वतःच्या आवाजात, मी माझी मेंढरं राखतो असं एक वाक्य म्हटलं. त्याच्याजवळ एकही मेंढरू नव्हतं, तरी त्याला ते खोटं वाटलं नाही. आजूबाजूला सगळं शांत होतं. लांब हायवेवरच्या गाड्या तेवढ्या ऐकू येत होत्या.

पाच मिनिटांत हिरवी खूण आली. एकही तांबडी रेघ नव्हती.

"अचूक," बाईंनी लिहिलं होतं. "उच्चारही अचूक. फक्त आज घंटा फार जवळून वाजते आहे."

मल्हारीनं मान वर केली. तो फोनमध्ये मान घालून होता तेवढ्यात बयाबाईनं माळ्यावरची वाघर खाली काढली होती, मेंढरं कोंडायची ती जुनी जाळी, बावीस वर्षं तिथं गुंडाळून पडलेली. धूळ झटकून, खुंट्या ठोकून, ती अंगणात तीन बाजूंनी ताणून झाली होती. चौथी बाजू, माळाकडची, तिनं उघडी ठेवली होती, कळप आत यायला ठेवतात तेवढी, आणि ती तिथं हातात कडबा घेऊन उभी होती.